लाख मैल धावलेली ९११

जुन्या स्पोर्ट्स कारची जाहिरात उघडली की नजर आधी दोन आकड्यांवर जाते. एक किंमत आणि दुसरं रनिंग. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये पोर्शे ९११ची ‘९९६’ ही पिढी लाखभर मैल, म्हणजे सुमारे एक लाख साठ हजार किलोमीटर धावलेली असेल, तर ती एखाद्या साध्या नव्या सेडानच्या किमतीत मिळून जाते. तेच मॉडेल, तेच वर्ष, पण रनिंग तीस हजार मैल असेल तर मालक बरेच जास्त पैसे मागतो आणि त्याला ते मिळतातही. कमी चाललेली गाडी चांगली आणि जास्त चाललेली थकलेली, असा बाजाराचा सरळ हिशेब असतो.

घरच्या हॅचबॅकला हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. महागड्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र तो अनेकदा चुकतो. अशी गाडी दोन-दोन महिने झाकून ठेवली तरी तिची झीज थांबत नाही. उलट रोज महामार्गावर धावणारी आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी आतून ठणठणीत असू शकते. त्यामुळे जास्त रनिंगची गाडी घेणाऱ्याने ती किती चालली याच्या जोडीला कशी चालली आणि तिच्यावर कुणी, केव्हा, काय काम केलं, हे शोधायला हवं.

यंत्र किती चालू शकतं याची उदाहरणं नोंदलेली आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर राहणारे विज्ञानशिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६मध्ये व्होल्वो पी१८०० ही दोन दारांची स्पोर्ट्स कुपे नवी घेतली. २०१३मध्ये तिने ३० लाख मैलांचा टप्पा ओलांडला आणि तिची नोंद गिनेसमध्ये आहे. तिचं इंजिन पहिल्यांदा उघडावं लागलं ते सुमारे ६ लाख ८० हजार मैलांनंतर. मोटार पत्रकार मॅट फारा यांनी २०१४मध्ये १९९६ची लेक्सस एलएस ४०० विकत घेतली, तेव्हाच ती ८ लाख ९७ हजार मैल चाललेली होती. २०१९मध्ये तिने दहा लाख मैल पूर्ण केले. होंडाची एनएसएक्स अमेरिकेत अ‍ॅक्युरा नावाने विकली जाई. तिथे १९९२ची एक एनएसएक्स तिच्या मालकाने रोजच्या कामाला वापरून चार लाख मैलांच्या पुढे नेली आहे. या गाड्यांमध्ये समान काय, तर त्या नेमाने चालल्या आणि नेमाने दुरुस्त होत गेल्या.

एका बेअरिंगची दहशत

९११चा जन्म १९६३चा. फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ती ९०१ या नावाने लोकांसमोर आली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला, म्हणून पुढच्या वर्षी तिचं नाव ९११ झालं. मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं सहा सिलिंडरचं आडवं इंजिन ही तिची ओळख. तीन दशकांहून अधिक काळ ते हवेने थंड होत असे. १९९७च्या शेवटी आलेल्या ९९६मध्ये ते पहिल्यांदा पाण्याने थंड होऊ लागलं. एम९६ असं नाव असलेलं हे इंजिन ९११ने तिची धाकटी बहीण बॉक्सटर हिच्याशी वाटून घेतलं होतं.  स्टुटगार्टच्या झुफेनहाउझेन कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीच्या नव्या इंजिनात एक कमकुवत दुवा राहून गेला आणि ९९६ची किंमत आजही त्याच्या सावलीत ठरते.

या इंजिनात क्रँकशाफ्टची गती थेट कॅमशाफ्टकडे जात नाही. मधे एक इंटरमिजिएट शाफ्ट आहे आणि कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळ्या त्याच्यावरून निघतात. या शाफ्टचं गिअरबॉक्सकडचं टोक एका सीलबंद बॉल बेअरिंगवर फिरतं. बेअरिंगमध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं. वर्षं जातात तसं सील कडक होतं आणि इंजिन ऑइल थोडं थोडं आत शिरून ग्रीस धुऊन काढतं. पण सील असल्यामुळे ताजं ऑइल तिथून खेळतही राहत नाही. आत शिळं, आम्लयुक्त ऑइल साचतं आणि गोळ्यांचा पृष्ठभाग खरवडला जाऊ लागतो. बेअरिंग फुटलं की शाफ्ट डगमगतो, साखळ्यांचा मेळ सुटतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. नवं इंजिन किंवा पूर्ण इंजिनकाम, म्हणजे अमेरिकेत पंधरा-वीस हजार डॉलर आणि त्याहूनही जास्त. कित्येकदा गाडीची अख्खी किंमतच तेवढी असते.

सगळ्या गाड्यांना हा धोका सारखा नाही. सुरुवातीच्या इंजिनांत गोळ्यांच्या दोन रांगांचं बेअरिंग होतं. २०००-०१च्या सुमारास ते बदलून एका रांगेचं आलं. २००६ ते २००८च्या गाड्यांत मोठ्या आकाराचं बेअरिंग बसवलं गेलं. ते जास्त टिकाऊ आहे, मात्र इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय बाहेर निघत नाही. २००९च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. अमेरिकेत २००१ ते २००५ या काळातल्या गाड्यांच्या मालकांनी पोर्शेवर सामुदायिक खटला भरला आणि २०१३मध्ये तडजोड झाली. त्या खटल्यातून बाहेर आलेले आणि जाणकार आजही सांगतात ते आकडे असे: एका रांगेच्या बेअरिंगमध्ये बिघाडाचं प्रमाण सुमारे ८ टक्के, दोन रांगांच्या बेअरिंगमध्ये १ टक्क्याहून कमी.

रनिंगचा प्रश्न इथे उलटा होतो. या इंजिनांवर वर्षानुवर्षं काम करणारे मेकॅनिक सांगतात की बेअरिंगचा त्रास जास्त दिसतो तो कमी चाललेल्या, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाड्यांत. कूलंट काही मिनिटांत तापतं, पण आठेक लिटर ऑइल पूर्ण तापायला पंधरा-वीस मिनिटं चालवावं लागतं. दहा मिनिटांत गाडी पुन्हा बंद केली तर इंजिनात धरलेलं बाष्प आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही. असं ऑइल दोन-दोन वर्षं न बदलता राहिलं की बेअरिंग त्यातच भिजत राहतं. रोज तासभर महामार्गावर धावणाऱ्या गाडीत हा प्रकार फारसा होत नाही. म्हणूनच तीस हजार मैल चाललेल्या आणि मूळ बेअरिंग असलेल्या ९९६पेक्षा, लाख मैल चाललेली आणि क्लचच्या कामाबरोबर बेअरिंगही बदललेली ९९६ जास्त भरवशाची ठरू शकते. क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि बेअरिंगपर्यंत पोचण्याची वाट तीच आहे. अमेरिकेतल्या एलएन इंजिनिअरिंगसारख्या कंपन्या सुधारित बेअरिंगचे संच विकतात. विक्रेत्याच्या फाइलमध्ये त्या कामाचं तारीख आणि रनिंग लिहिलेलं बिल सापडलं, तर त्या कागदाला पैसे मोजण्याइतकी किंमत आहे.

सिलिंडरवरचे ओरखडे

बेअरिंगची एवढी चर्चा झाली की दुसरा, कदाचित जास्त खर्चिक आजार मागे राहिला. या इंजिनांच्या सिलिंडरची आतली भिंत ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉनचे कण रुजवून तयार केलेली असते. काही इंजिनांत, विशेषतः ३.६ आणि ३.८ लिटरच्या इंजिनांत, पिस्टन या भिंतीवर घासतो आणि उभे ओरखडे उमटतात. थंड प्रदेशात, गार इंजिनावर जोर देणाऱ्यांच्या हातात हे जास्त घडतं. दुसऱ्या बाजूचे सिलिंडर, म्हणजे चौथा ते सहावा, आधी बळी पडतात. लक्षणं अशी: गरम झाल्यावर येणारी टिकटिक, वाढत जाणारा ऑइलचा खप आणि एका बाजूच्या सायलेन्सरच्या तोंडावर दुसरीपेक्षा जास्त काजळी. खात्री करायची असेल तर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा घालावा लागतो. तासा-दोन तासांचं काम आहे. ते टाळून घेतलेली गाडी पुढे सगळी बचत गिळू शकते.

याच पिढीतल्या टर्बो आणि जीटी३ या दोन्ही आजारांतून बऱ्याच अंशी सुटल्या. त्यांचं इंजिन पोर्शेचे अभियंते हान्स मेत्सगर यांच्या घराण्यातलं. ९११चं पहिलं सहा सिलिंडरचं इंजिन आणि ९१७ या शर्यतीच्या गाडीचं बारा सिलिंडरचं इंजिन त्यांच्याच हातचं. टर्बो आणि जीटी३चा इंजिन ब्लॉक १९९८ची ल माँ शर्यत जिंकणाऱ्या ९११ जीटी१च्या वंशातला आहे. बाजारात या गाड्या महाग आहेत त्याचं हे एक कारण. पण त्यांच्यातही कूलंटच्या पाइपांचे जोड नुसते चिकटवलेले असतात आणि वय झालं की ते सुटतात. वेगात असताना जोड सुटला तर कूलंट मागच्या टायरांवर सांडतं. म्हणून ते जोड वेल्ड करून किंवा पिन मारून पक्के केले आहेत का, हे विचारावंच लागतं.

मीटर आणि इंजिनाची वही

रनिंगचा आकडा खरा असेल तरच या सगळ्या चर्चेला अर्थ आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या अंदाजानुसार तिथे दरवर्षी साडेचार लाखांहून अधिक गाड्या मीटर मागे फिरवून विकल्या जातात आणि ग्राहकांचं नुकसान एक अब्ज डॉलरच्या वर जातं. डिजिटल मीटर आल्यावर हा उद्योग थांबला नाही, लॅपटॉपवर गेला. त्याला आळा घालायचे मार्ग देशोदेशी वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटी तपासणीत २००५पासून नोंदलेलं रनिंग कुणालाही फुकट पाहता येतं. बेल्जियममध्ये २००६पासून विक्रीच्या वेळी ‘कार-पास’ हा रनिंगचा दाखला द्यावाच लागतो. जर्मनीत मीटरशी छेडछाड हा २००५पासून फौजदारी गुन्हा आहे.

पोर्शेच्या बाबतीत आणखी एक साक्षीदार गाडीतच असतो. इंजिन नियंत्रित करणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं याची नोंद राहते. मेकॅनिक निदान यंत्र जोडतो आणि ती छापून देतो. समजा, मीटरवर एक लाख साठ हजार किलोमीटर आहेत आणि इंजिनाचे तास ३,२००. भागाकार केला की ताशी सरासरी ५० किलोमीटर येते, म्हणजे महामार्ग आणि शहर असा मिश्र वापर. त्याच ३,२०० तासांवर मीटर साठ हजार किलोमीटर दाखवत असेल तर सरासरी १९च्याही खाली जाते. मग एक तर गाडीचं आयुष्य ट्रॅफिकमध्ये गेलं किंवा मीटर फिरवलेलं आहे. दोन्ही गोष्टी खरेदीदाराला आधी कळायला हव्यात.

त्याच कागदावर इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं तेही असतं. ९९६मध्ये या नोंदीचे दोन टप्पे आहेत, पुढच्या ९९७मध्ये सहा. खालच्या टप्प्यात सिलिंडरमधल्या हजारो स्फोटांची नोंद म्हणजे जोरात चालवणारा मालक, त्यात घाबरण्यासारखं फारसं नाही. वरच्या टप्प्यातली नोंद गंभीर असते. पाचव्यातून चौथा टाकायला गेलेला हात चुकून दुसऱ्या गिअरवर पडला, तर चाकंच इंजिनाला त्याच्या ताकदीबाहेर फिरवतात आणि कोणताही लिमिटर ते रोखू शकत नाही. ही घटना कितव्या तासाला घडली तेही नोंदलेलं असतं. त्यानंतर गाडी पाचशे तास विनातक्रार चालली असेल, तर धोका बहुधा टळला म्हणायचा. घटना गेल्या वीस तासांतली असेल तर थांबावं.

लिफ्टवर चढवल्यावर

खरेदीपूर्व तपासणी विक्रेत्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये करू नये. त्याच मॉडेलवर हात बसलेला, विक्रेत्याशी संबंध नसलेला मेकॅनिक निवडावा. गाडी रात्रभर बंद ठेवलेली असावी, म्हणजे गार इंजिन सुरू होतानाचा पहिला आवाज ऐकता येतो. सुरू होताच पांढऱ्या धुराचा लोट आला आणि तो थांबेना, तर ऑइलची वाफ वेगळी करणारा सेपरेटर गेलेला असण्याची शक्यता मोठी.

मग ऑइल फिल्टर काढून त्याचा कागद कापून उलगडतात आणि घड्यांवरून लोहचुंबक फिरवतात. चुंबकाला चिकटणारे चमकदार कण बेअरिंगकडे बोट दाखवतात. पुढच्या बंपरच्या जाळीमागे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर असतात. तिथे वर्षानुवर्षं पाला साचून ओल धरते आणि ते कुजतात. ब्रेक डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती मोजून पाहावी. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. ‘२३१९’ असेल तर टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी भरपूर शिल्लक दिसली तरी तो बाद धरावा, कारण रबर वयानेही कडक होतं.

शरीरावरच्या खुणाही वाचता येतात. लाख मैल चाललेल्या गाडीच्या नाकावर खडीचे बारीक टवके असायलाच हवेत. ते नसतील तर पुढचा भाग रंगवलेला आहे आणि का रंगवला हे विचारायला हवं. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, स्टीअरिंगचं चामडं आणि क्लच पेडलचं रबर यांची झीज मीटरशी जुळते का, हे पाहावं. शेवटी कार्पेट उचलावं. ९९६ आणि बॉक्सटरमध्ये इमोबिलायझरचं नियंत्रण युनिट सीटखाली बसवलेलं आहे. तिथे पाणी गेलं की गाडी एक दिवस सुरूच होत नाही.

किंमत उतरते, बिल उतरत नाही

जास्त रनिंगच्या आलिशान गाडीत लोक फसतात ते बहुतेक एका गणितामुळे. नवी असताना जिची किंमत ७०-८० हजार डॉलर होती ती गाडी वीस वर्षांनी पाव किमतीला मिळते. पण तिचा रेडिएटर, तिचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि तिच्या मेकॅनिकचा ताशी दर पाव होत नाहीत. पोर्शेने २००१मध्ये ९११ जीटी२वर कार्बन-सिरॅमिक ब्रेक दिले. ते खूप टिकतात, पण चारही डिस्क बदलायची वेळ आली तर खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे जातो. म्हणून हातात असलेली सगळी रक्कम गाडीवर घालू नये. निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवावा.

न चालवलेली गाडीही खर्च मागते, याचं फेरारी ३६० मोडेना हे उदाहरण मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे. सचिन तेंडुलकर यांना २००२मध्ये भेट मिळालेली लाल ३६० मोडेना २०११मध्ये सुरतेच्या एका उद्योजकाकडे गेली. या मॉडेलच्या इंजिनाचे टायमिंग बेल्ट रबरी असतात. ते रनिंगवर अवलंबून न राहता दर काही वर्षांनी बदलावे लागतात. गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तरी बेल्टचं वय वाढतच राहतं. पुढच्या एफ४३०मध्ये फेरारीने बेल्ट काढून साखळी बसवली. जुन्या फेरारीचं कमी रनिंग पाहून हुरळण्याआधी बेल्ट केव्हा बदलला ते विचारावं.

जास्त चाललेल्या गाडीचा एक सरळ फायदाही आहे. तिची मोठी घसरण आधीच्या मालकांनी सोसलेली असते. वर्षाला दहा हजार मैल चालवली तरी लाखाची सव्वा लाख झाल्याने किंमत फार पडत नाही. तीस हजार मैलांची जपलेली गाडी घेणारा मात्र तिला बाहेर काढतानाही पैशाचा विचार करतो आणि मग ती पुन्हा उभीच राहते.

महाराष्ट्रात घ्यायची तर

परदेशातली स्वस्त ९९६ पाहून इथे आणण्याचा विचार पुण्या-मुंबईच्या अनेक शौकिनांच्या मनात येतो. नियम त्याला जागा देत नाहीत. सर्वसाधारणपणे तीन वर्षांहून जुनी गाडी आयात करता येत नाही, स्टीअरिंग उजवीकडे लागतं आणि वर आयात शुल्क भरावं लागतं. त्यामुळे निवड आधीच भारतात नोंद झालेल्या गाड्यांतूनच करावी लागते. या गाड्यांचं रनिंग बहुतेक कमी असतं आणि त्यात आश्चर्य नाही. खड्डे, स्पीडब्रेकर आणि चार महिन्यांचा पाऊस यामुळे त्या रविवारी पहाटे निघतात आणि नाश्त्याला परत येतात. वर सांगितलेले उभ्या गाडीचे सगळे आजार इथे जास्त शोधावेत. मुंबई, ठाणे, चिपळूण अशा पूर पाहिलेल्या शहरांतल्या गाडीत कार्पेटखाली चिखलाची रेघ आहे का, हेही बघावं.

कागदांत आधी आरसी पाहावी: कितवा मालक, चासी आणि इंजिन नंबर जुळतो का, बँकेचा बोजा आहे का. बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५ लागतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ची एनओसी आणि इथला मोटार वाहन कर, ही रक्कम सौद्याच्या वेळीच धरावी. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो. अधिकृत वर्कशॉपमधून संपूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड मागवून त्यातलं दर खेपेचं रनिंग मीटरशी ताडून पाहावं.

कॅमेऱ्याने पाहिलेले सहा सिलिंडर, इंजिनाच्या तासांचा छापील कागद आणि कामांची बिलं समोर येईपर्यंत टोकन देऊ नये. यातल्या एकाही गोष्टीला मालक नकार देत असेल तर ती गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी. ९९६ सुमारे पावणेदोन लाख बनल्या आणि ९९७ दोन लाखांहून जास्त. भारतात त्या मोजक्याच आहेत आणि इथे थांबावं लागेल, पण जगाच्या बाजारात दुसरी गाडी मिळते.